डाव्या कोपऱ्यातलं पाखरू

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, बंदरावरच्या दोस्तांपाशी नाही — आणि मी काही गप्प बसणारा माणूस नव्हे. रेवदंड्यात कुणालाही विचारा, नारायण रंगाऱ्याच्या तोंडाचा पट्टा ब्रशापेक्षा जोरात चालतो. होड्या रंगवणं हा माझा धंदा. पण या एका बाबतीत बत्तीस वर्षं मूग गिळून बसलोय. भीतीने? भीती होतीच. पण नुसती भीती एवढी वर्षं टिकते का हो?

आधी माझं काम समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि नारळी पुनवेच्या आत त्या रंगवून द्यायच्या असतात. बापाने मला एकच गोष्ट शिकवली — जुन्या रंगावर नवा रंग मारतो तो रंगारी नव्हे, चोर. आधी लोखंडी पत्तीने लाकूड दिसेपर्यंत खरवडायचं, मग भेगांत लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, मग रंग. तरच तो खाऱ्या पाण्यात टिकतो. ही शिकवण माझ्या हातात इतकी भिनली होती की डोक्याला विचारायची गरजच पडायची नाही.

खाडीपलीकडे एक जुनं चर्च आहे. कुठलं ते सांगत नाही. तिथे आत, उजव्या भिंतीला, दाराएवढी एक लाकडी फळी टांगलेली होती. देवाने सात दिवसांत जग कसं केलं त्याचं चित्र, सात चौकोनांत. कुणी काढलं, कधी काढलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मेणबत्त्यांच्या काजळीने ते चुलीमागच्या भिंतीसारखं काळं झालं होतं. सणाच्या आधी फादरांनी मला बोलावलं — जरा पूस, उडालेल्या जागी रंग लाव. एवढंच काम. चर्चची चावी फिलूबायकडे असायची. साठीची बाई, झाडलोट करायची, मोतीबिंदूने डोळे अधू झालेले. तिने दार उघडून दिलं आणि ती गेली.

मी तेलाचा बोळा फिरवत गेलो आणि — काय सांगू तुम्हाला! काजळीखालून जग वर यायला लागलं. झाडं होती ती नारळ-सुपारीची. पाचव्या दिवसाच्या पाण्यात पापलेट, घोळ, पाकट, आणि बोंबील तर असा की हातात धरला तर निसटेल. म्हणजे ज्याने काढलं तो आपल्याच किनाऱ्यावरचा! देवाने जग केलं ते त्याच्या लेखी इथेच, या खाडीच्या तोंडाशी. आणि सातवा दिवस, देवाच्या विश्रांतीचा — त्यात देवच नव्हता. नुसती वाळूची पुळण, आणि तिच्यावर ओढून पालथी घातलेली होडी. बस्स. आम्हा कोळ्यांना सुट्टी म्हणजे काय हे दुसरं कसं दाखवणार? मी बोळा हातात धरून जमिनीवर बसलो. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

पण सगळ्यात पहिला चौकोन. उजेड होण्याआधीचा. नुसतं काळं पाणी, वर काळं आभाळ. समोरून पाहिलं तर काहीच नाही. पण खिडकीकडून तिरकं पाहिलं की डाव्या कोपऱ्यात एक पाखरू दिसायचं — काळ्यावर काळं, पंख अर्धे उघडलेले, पाण्याच्या अगदी लगत, जणू ते पाणी उबवतंय. त्या बाप्याने ते कसं काढलं असेल? कुठला काळा वापरला? आणि मला वाटलं, पाखरं तर पाचव्या दिवशी झाली ना, मग हे आधीच इथे काय करतंय? अंगावर काटा आला होता तरी मी मनात म्हटलं, चुकला असेल बिचारा.

आता पुढचं. मला ते चित्र इतकं आवडलं की मी ठरवलं, याचं काम असं करायचं की शंभर वर्षं हलणार नाही. आणि भक्कम काम म्हणजे मला एकच ठाऊक होतं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर पेन्सिलीने सगळं उतरवून घेतलं. पाखरू उतरत नव्हतं, काळ्यावर काळं कसं उतरणार? म्हटलं, राहील ध्यानात. मग पत्ती घेतली आणि दोन दिवसांत ती फळी लाकडापर्यंत खरवडली. प्रेमाने खरवडली हो. खाली पडलेला चुरा झाडून खाडीत टाकला.

सहा चौकोन जमले. मासे मला पाठ होते, होडी तर घरचीच. पाखरू जमलं नाही. पहिल्यांदा कावळा झाला, मग बगळा, मग काहीच नाही. चार दिवस झटलो. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं की मी काय करून बसलोय. शेवटी तो चौकोन सबंध काळा केला. फादर आले, खूश झाले. मी म्हटलं, काही नाही फादर, नुसतं धुतलं, कुठे कुठे हात फिरवला. ही पहिली थाप. पण हिचा कबुलीजबाब द्यायला मी बसलेलो नाही.

चार महिन्यांनी अलिबागला फिलूबायचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी चर्चच्या खिडकीचे गज रंगवत होतो तेव्हा ती आली. थेट फळीपाशी. पहिल्या चौकोनासमोर वाकली, मग खिडकीकडे सरकून तिरकी झाली — बरोबर जिथून पाहायचं तिथून. बराच वेळ पाहिलं.

"नाऱ्या, हितं पाखरू व्हतं. गेलं कुठं?"

मी विचारलं, कसलं पाखरू, बाय?

मग तिने सांगितलं. ती पाच-सहा वर्षांची असताना आईने तिला कडेवर घेऊन ते दाखवलं होतं. अंधाराला लय भ्यायची ती. आई म्हणाली, बघ, उजेड व्हायच्या आधी बी कोनतरी जागं व्हतं. त्याच वर्षी आई गेली. चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही — आईचं म्हणून तिच्यापाशी तेवढं एक पाखरू उरलेलं. डोळे गेल्यावर तिला ते दिसत नव्हतं, पण आहे हे ठाऊक होतं. ऑपरेशनही तिने त्याच्यासाठीच करून घेतलं होतं.

आणि मी म्हणालो, "न्हाय बाय. मी सगली फली पुसून बघितली. पाखरू न्हवतंच कधी."

एका श्वासात म्हणालो. रंगाऱ्याला एक पाखरू काढता आलं नाही, हे कळायला नको म्हणून. तिने माझ्याकडे पाहिलं, त्या नव्या, स्वच्छ डोळ्यांनी. माझ्यावर विश्वास ठेवला. म्हणाली, "मंग आयेनं माझी समजूत काढली आसंल." आणि झाडू घेऊन झाडायला लागली.

त्यानंतर ती एकोणीस वर्षं जगली. रविवारी गावातल्या पोरांना त्या फळीपुढे बसवून सात दिवसांची गोष्ट सांगायची. पूर्वी म्हणे ती पाखरापासूनच सुरू करायची. नंतर मी खिडकीबाहेरून स्वतःच्या कानांनी ऐकलं — आदी काळोख व्हता. काळोखात कोन न्हवतं. असं ती एकोणीस वर्षं सांगत राहिली.

ती गेली तेव्हा मी मातीला गेलो होतो. फादरांनी त्यांच्या पोथीतलं अगदी सुरुवातीचं वाचलं. उजेड करण्याआधी, सगळं ओसाड आणि अंधारात असताना, देवाचा आत्मा त्या पाण्यावर पंख पसरून होता म्हणे. ते नुसतं पाखरू नव्हतंच हो! चुकला होता तो मी. तो जुना चित्रकार तिथे देवच काढून गेला होता, असा की जो तिरका होऊन शोधेल त्यालाच दिसावा. आणि मी तो पत्तीने काढून, झाडून, खाडीत टाकला होता.

हल्ली रो-रो बोटीने मुंबईची माणसं येतात, फळीचे फोटो काढतात, जुन्या चित्रकाराचे मासे बघा म्हणतात. मी बाजूला उभा राहून ऐकतो. होड्यांच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, मी अजून ते पाखरू काढून बघतो. बंदरावर त्याला नाऱ्याचा कावळा म्हणतात, आणि कावळाच असतो तो.

पाखरू होतं. डाव्या कोपऱ्यात, पाण्याच्या लगत, पंख अर्धे उघडलेलं. मी ते पाहिलं होतं. फिलूबायची आई खरं बोलली होती.