पांढऱ्या साड्यांत एक हिरवं लुगडं

कॉलेजच्या अर्जात मी खरं लिहिलं ते माझ्या मावशीमुळे. ती वरळी कोळीवाड्यात मासळी विकते. नववीत शाळा सोडलेली मी आता परदेशात म्हाताऱ्यांची देखभाल करते. राहिलेली शाळा इथे पूर्ण करून इथल्याच कॉलेजात नर्सिंगसाठी अर्ज भरताना प्रश्न आला: तुमचे आईवडील कोणत्या समाजातले? सांगणं सक्तीचं नव्हतं. आई कोळी, बाबा करी रोडच्या चाळीतले बौद्ध. दोन्ही लिहिलं तर मी धड कुठलीच वाटणार नाही, अशी भीती वाटली. मावशीला फोन केला.

"अगं, तुझ्या आईच्या लग्नानंतर आमच्यातलं कुणी तुमच्या चाळीत फिरकत नव्हतं. मीच गेले, बुद्धपौर्णिमेला, डबाभर तळलेले बोंबील घेऊन! घरात खीर शिजत होती. सगळ्या बायका पांढऱ्या साडीत, मी हिरव्या लुगड्यात. तुझ्या बाबांची आई हसली. म्हणाली, बोंबील उद्या खाऊ, आज खीर घे आणि वंदनेला सगळ्यांच्या पुढे बस. मी लाजले नाही, आणि तू लाजतेस?"

मी दोन्ही लिहिलं, ताठ मानेने. उत्तर अजून यायचंय. पण एक दिवस पदवी घेईन तेव्हा मावशीला इथे आणीन, हिरव्या लुगड्यातच, आणि सगळ्यांच्या पुढे बसवीन.