चांदणी लावलेला रुपया

तेलगावच्या बाजारात पांढऱ्या कपाळाची एक बाई जुन्या चांदीच्या रुपयांच्या माळा ओवून विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक बाईपुढं ती सगळे रुपये ओतायची. "तुज्या गळ्यात जायचंय, तूच निवड," म्हणायची. काळा पडलेला रुपयाही ती चिंचेनं घासत नसे.

घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. शहरातला एक नाण्यांचा व्यापारी प्लास्टिकच्या डब्यांत बंद केलेले दोन रुपये विकायला घेऊन तिच्यापुढं बसला.

"दर्जा दोन्हींचा एकच," तो म्हणाला, "पण हा जास्त देखणा, म्हणून याच्या डबीला चांदणी लावलीय. भाव दुप्पट!"

तिनं मान तिरपी करून दोन्ही डब्या उन्हात धरल्या.

"दर्जा एकच हाय ना? मंग देखणा कोणता ते तू कावून सांगतो? घेणारीला डोळे न्हाईत का?"

"आता बाजार असाच चालतो, मावशी."

तिनं ती लाल चकचकीत चांदणी नखानं सोलली आणि भर बाजारात स्वतःच्या कपाळावर लावली. मग पदराआड डब्यांची अदलाबदल करून त्या त्याच्या हातात दिल्या.

"वळख आता, तुजा देखणा कोणता."

तो डब्या उलटसुलट करत राहिला. अजूनही कशावर चांदणी दिसली की माझी बोटं शिवशिवतात.