प्रेमाचा सिनेमा बरा की लढाईचा?

सिनेमा अडीच तासांत संपतो. पण आमच्या जळगावच्या ऑफिसात डबे उघडले आणि त्याची चिरफाड सुरू झाली, की तो आठवडाभर पुरतो. शिवाय प्रत्येक सिनेमामागे एखादा किस्सा उरतोच. आता इतके साठलेत, की मूळ सिनेमे कुठले होते तेच आठवत नाही!

माझं मत मी लपवत नाही. मी लढाईवाला. रोमँटिक कॉमेडीत त्या दोघांचं जमणार, हे पोस्टरवरच दिसतं. मग तिकीट कशाला काढायचं? एकदा हे जोरात सांगितलं, तर आमच्या वैशाली मॅडम भरीत वाढता वाढता म्हणाल्या, "आणि लढाई आपण जिंकणार, हे तुम्हाला क्लायमॅक्सलाच कळतं का हो?"

मी आणखी थोडं भरीत मागून घेतलं.

*

मॅडम स्वतः पक्क्या रोमँटिक कॉमेडीवाल्या. लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याला हौसेने तसल्याच एका सिनेमाला घेऊन गेल्या. नवरा कापसाचा व्यापारी. पडद्यावर नायिका समुद्राकडे तोंड करून रडतेय, मॅडमही डोळे पुसतायत, आणि हे कानाशी लागून विचारतात, "दोघंही दिवसभर फिरतायत. यांची दुकानं कोण बघतं?"

परतताना मॅडम रस्ताभर एक अक्षर बोलल्या नाहीत. नवऱ्याला वाटलं, बायको अजून सिनेमाच्याच मूडमध्ये आहे!

*

नाना आमचे हेडक्लार्क, मूळचे धुळ्याकडचे, बोलणं अजून अहिराणीच. त्यांना मी आग्रहाने युद्धपटाला नेलं. रणगाडे काय, तोफा काय! लोक टाळ्या पिटतायत आणि नाना आपले गंभीर. बाहेर आल्यावर म्हणाले, "इतली लढाई चालनी, पन एकबी जन भाकर खाताना दिसना नही!"

"नाना, देशासाठी लढतायत ते."

"ते बठ्ठं खरं शे भो. पन उपाशीपोटी?"

तेव्हापासून लढाई सुरू झाली, की मी आधी यांचा स्वयंपाक कुठे चाललाय ते शोधतो. माझ्या आवडीचं पार वाटोळं केलं नानांनी.

*

आणि आमचा महेश. दोंडाईचाचा, आमच्यात सगळ्यात तरुण. रोमँटिक कॉमेडीत तो मॅडमच्या आधी रडतो, आणि टीव्हीवर बंदूक दिसली की चॅनल बदलतो. स्थळं बघून बघून बिचारा थकला होता. "मुलगा फार मऊ आहे," म्हणून नकार यायचा.

मग चाळीसगावची एक शिक्षिका बघितली आणि ती त्याला मनापासून आवडली. मोठ्यांनी दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. तिने विचारलं, "कसले सिनेमे आवडतात?"

"लढाईचे!" पठ्ठ्या बोलून बसला.

"अरे वा! मग जाऊ या ना. माझा भाऊही सुट्टीवर आलाय. फौजेत असतो."

ऑफिसात येऊन महेश डोकं धरून बसला. "हिनेही नाही म्हटलं, तर मी आता एकही स्थळ बघणार नाही," म्हणाला. चेष्टा नव्हती ती. मला त्याचं फार वाईट वाटलं. म्हणून धीर द्यायला नाना आणि मी त्याच शोची मागच्या रांगेतली तिकिटं काढली. हो, असला आगाऊपणा आमच्याच ऑफिसात होतो!

आमच्या पुढच्याच रांगेत अलीकडे ती, मध्ये फौजी भाऊ, पलीकडे महेश. पहिला बॉम्ब फुटला मात्र, महेशने डोळे गच्च मिटले आणि हाताला लागलं ते धरलं. फौजीचा हात!

नानांनी कपाळावर हात मारला. "गयं लगीन!"

मी पुढे वाकून बघितलं. फौजीने हात सोडवला नव्हता. उलट त्यानेच महेशचा हात करकचून धरला होता, आणि डोळे त्याचेही मिटलेले होते. पडद्यावर धडाधड गोळीबार चालू, आणि हे दोघे तसेच बसलेले. बहीण पडदा सोडून त्यांच्याकडे बघत होती.

इंटरव्हल झाला. ती उठून बाहेर गेली. समोशांच्या निमित्ताने आम्हीही मागोमाग. दाराशी उभी राहून तिने फोन लावला.

"बाबा, त्यांना होकार कळवा," ती म्हणाली. "आणि आम्ही लवकर येतोय. उरलेला सिनेमा नाही बघत, या दोघांना नाही सोसत."