विहीणबाईंचं लाल पेन

जूनमधला शनिवार, सकाळचे दहा. वांगणीपलीकडच्या वाडीवरची शाळा. हजर: शाळा समितीचे अध्यक्ष, मुख्याध्यापक, तीन पालक, मदत मिळवून देणाऱ्या संस्थेची यादी घेऊन मी आणि कुणीही न बोलावता माझ्या विहीणबाई.

दिसेल तो कागद सुधारल्याशिवाय पुढे न जाणारी अशी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. उल्हासनगरच्या कॅम्प चार भागातल्या शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं. त्या निवृत्त झाल्या, पर्समधलं लाल पेन झालं नाही. हॉटेलचं मेनूकार्ड, लिफ्टमधली सूचना, डॉक्टरांची फाईल, काही सुटत नाही. आमच्या मुलांचं लग्न ठरलं तेव्हा मी पत्रिकेचा मजकूर पाठवला. तो "प्रयत्न बरा" असा शेरा घेऊन परत आला. लग्नानंतर उरलेल्या पत्रिका मात्र त्यांनी मागून नेल्या. "पाठ कोरी आहे हो. वाडीतल्या पोरांना लिहायला होईल." त्या दर शनिवारी तिथे शिकवायला जातात आणि वही संपली की तिथली मुलं लिहिणंच थांबवतात, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवशीचा प्रश्न साधा होता. अंबरनाथचा एक कारखाना शाळेला एकदाच काहीतरी देणार होता. माझ्या यादीत पहिला होता मोठा टीव्ही. अध्यक्षही म्हणाले, "टीव्हीच बरा. पुस्तक कोन वाचतंय आता?"

विहीणबाईंनी वाद घातला नाही. पत्रिकेची कोरी पाठ आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान पेन्सिल अध्यक्षांपुढे ठेवली. "वाडीला काय हवं ते चार ओळींत लिहा, दादा."

दादांनी पेन्सिल दोन-तीनदा फिरवली, घाम पुसला आणि ते हसले. "बाई, सही सोडून धा वर्सांत काय लिवलंच नाय."

"मग पोरांनीही सहीवरच थांबायचं का?"

मी टीव्ही खोडला आणि वर लिहिलं: व्याकरणाची पुस्तकं, वह्या, पेन्सिली.

अर्ज गेला. कारखान्याच्या व्यवस्थापकांचं उत्तर आलं: "गरज पटवून द्या." पटवून देणारं पत्र मी लिहिलं, पाकीट विहीणबाईंनी बंद केलं. त्यात त्यांनी व्यवस्थापकांचंच पत्र लाल खुणा करून घातलं होतं. दहापैकी पाच. खाली शेरा: "पुन्हा लिहून दाखवा."

हे मला नंतर कळलं. माफी मागायला मी धावत अंबरनाथला गेले. साहेबांनी ड्रॉवरमधून हाताने लिहिलेला स्वच्छ कागद काढला आणि हळूच विचारलं, "मॅडम, आता किती मिळतील?"

विहीणबाईंकडून आठ मिळाले. वह्याही मिळाल्या, पुस्तकंही. दादांनी खोकी स्वतः टेम्पोतून उतरवली आणि एक वही घरी नेली.

आता त्या वह्या भरल्यात आणि सोमवारी विहीणबाई तपासायचा गठ्ठा घेऊन माझ्या घरी आल्या. पण यंदा त्यांचा हात कापतो. "रेघ सरळ येत नाही हो," म्हणाल्या आणि पेन माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात निघून गेल्या. गठ्ठा तेव्हापासून माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे. वरच्याच वहीत शेवटी लिहिलंय, "बाई, शेरा मोठा द्या."

आजच्या यादीतल्या सगळ्या कामांवर खुणा झाल्या. "वह्या तपासणे" तेवढं राहिलंय. पेनाचं टोपण मी अजून काढलेलं नाही.