अंजनावरची निखारांची जोडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. सांगायला घेतलं की ते लाल पाखरू अजून डोळ्यांपुढे पेट घेतं, मी हरखतो... आणि मग पुढचंही सांगावं लागतं.

यावलकडच्या केळीवाल्या घरातला मी पहिला बी.एस्सी. त्याचा अभिमान होता, आहे. प्रोफेसरांनी मला सातपुड्यातल्या पाखरांची जातवारी लावायला धाडलं होतं. त्यात निखार पक्षी — काही लालभडक, काही हळदीसारखे पिवळे. मी झोकात दोन जाती लिहून मोकळा झालो. रंग वेगळा तर जात वेगळी — नाही का?

वाट दाखवायला रुमाल्या पावरा होते, वयानं माझ्या वडिलांएवढे. मी त्यांना दादा म्हणायचो. माझ्या वहीतलं ऐकून ते पोट धरून हसले. "भाऊ, हाऊ लाल नवरा शे, हाई पिवळी त्यानी बायको. नवरा-बायकोन्या दोन जाती करी टाक्यात तुनी?"

मी चिडलो. तर त्यांनी मला सरळ अंजनाच्या झाडावर चढवलं. फांदीला गाठ आलीय असं वाटावं, एवढंसं घरटं. आणि काय सांगू तुम्हाला — लाल आला, अळी भरवून गेला. पिवळी आली, त्याच पिलांना भरवून गेली. पुन्हा लाल. पुन्हा पिवळी. पुस्तकात न वाचलेलं काही मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आठवड्यानं प्रोफेसर आले. सगळं ऐकून खूश झाले. त्यांच्या संग्रहालयात कायमची एक जागा रिकामी होती. रानाचा जाणकार हवा होता, पदवीची अट नव्हती. ते रुमाल्यादादांकडे वळले. "हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

दादांनी तोंड उघडलं — आणि मी मध्येच बोललो. काय बोललो? "त्याला पाखरांतलं काय कळतंय, सर. वाट दाखवतो, एवढंच."

दादांनी मान खाली घातली नाही. माझ्याकडे बघत राहिले. मग कोयता कमरेला खोचला आणि डोंगराची वाट धरली. मी हाक मारली नाही. जागा मला मिळाली.

आज वीस वर्षं मी तिथेच आहे. काचेच्या कपाटापुढे उभा राहून लाल-पिवळ्याची गोष्ट रंगवून सांगतो — अंजन, अळी, सगळं. ऐकणारे विचारतातच, तुम्हाला कळलं कसं? परवाही एकानं विचारलं.

मी म्हणालो — त्याला नजर असावी लागते.