आईच्या बाजूचं दार

टेंभुर्णीच्या चौकात एका टेम्पोनं मागं येताना आमच्या गाडीचं मागचं डावं दार चेपलं, तेव्हा त्या दाराला टेकून आई बसली होती. आम्ही केमला, मावशीकडं निघालो होतो. आईला साधं खरचटलंही नाही. पण दार उघडेना, आणि तिच्या दुसऱ्या बाजूला पिशव्या, पाण्याचा जार, ज्वारीच्या पिठाचा डबा असं सगळं रचलेलं. ते उपसून मी तिला उजवीकडून बाहेर काढेपर्यंत ती आतलं हँडल ओढतच राहिली होती. उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चल, माघारी जाऊ." येताना पुढं माझ्या शेजारी बसली, डोळे मिटून.

त्यानंतर ती गाडीत बसेना. विचारलं तर कारणांना तोटा नव्हता. आज गुडघा धरलाय, उद्या अमावस्या, परवा ऊन लई हाय. आमची आई म्हणजे बिनसनदेची वकील. एक मुद्दा खोडला की दुसरा तयार. मी चिडायचो, कारण तिकडं मावशीनं अंथरूण धरलं होतं. खुबा मोडल्यापासून ती उठलीच नव्हती. ऐकायला तर आधीपासूनच येत नव्हतं, त्यामुळं फोनचा उपयोग शून्य. मावसभाऊ व्हिडिओ कॉल लावायचा, दोघी बहिणी एकमेकींकडं बघून रडायच्या आणि फोन बंद. केमला रेल्वे जाते, पण डब्याच्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. मावशी आता किती दिवसांची हे कुणी बोलत नव्हतं, पण कळत सगळ्यांनाच होतं. दोघींची गाठ पडायची तर ती या गाडीतूनच.

मेकॅनिक म्हणाला, हे दार ठोकून सरळ होणार नाही. त्यानं जुन्या मालाच्या बाजारातून दुसरं आणलं. आमची गाडी पांढरी, दार राखाडी. काच, लॉक सगळं आत बसवलेलंच होतं. बोल्ट आवळले की काम फत्ते. मी खुशीत घरी येऊन सांगितलं.

"कुणाच्या गाडीचं हाय?" आईनं विचारलं.

"मला काय ठाऊक?"

"गाडी मोडीत निघाली म्हंजे तिच्यात कुणीतरी मेलं असंल की."

बायकोनं तत्परतेनं थाप मारली, "नाही हो आई, एका डॉक्टरीणबाईंची होती. त्यांनी नवी घेतली."

"मग डॉक्टरीणबाईनी दारं सुटी करून इकली व्हय?"

बायको भाजी बघायला आत गेली ती गेलीच. मग आईनंच तोड काढली. पत्रा चालेल म्हणाली. परक्या घरचं पितळेचं भांडं चिंचेनं घासलं की आपलं होतं, तसा पत्रा धुऊन घ्यायचा. पण आतलं सगळं आपलं पाहिजे. काच, काच फिरवायचं हँडल, लॉक, सगळं.

आता माझं डोकं फिरलं. "अगं, ज्या लॉकनं तुला आत कोंडलं, तेच परत घालायचं?"

"त्यानं न्हाय कोंडलं," आई शांतपणे म्हणाली. "मी वडत हुते तवा ते आत हलत हुतं. मला हाताला कळत हुतं."

मी मेकॅनिकला फोन लावला.

आई स्वतः गॅरेजवर आली. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरून रिक्षानं, एकटी. रिक्षात मात्र ती बिनतक्रार बसायची. रिक्षाला दार नसतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मेकॅनिक अक्कलकोटकडचा, घरी कन्नड बोलणारा. त्यानं खुर्ची पुसून दिली, "बसा अव्वा, तुमचंच घालू सगळं," म्हणाला आणि माझ्याकडं बघून नुसता हसला. दुप्पट काम होतं, पण तो कुरकुरला नाही. आईनं पिशवीतनं बाटली काढून राखाडी पत्र्यावर पाणी शिंपडलं, हळदीकुंकू लावलं आणि मगच त्याला हात लावू दिला.

आधी नव्या दारातलं सामान बाहेर निघालं. मग तो आधीच उचकटून काढून ठेवलेल्या आमच्या चेपलेल्या दाराकडं वळला. काच फिरवायच्या हँडलमागं फडकं घालून त्यानं असं काही ओढलं की आतली क्लिप टुणकन उडाली. आतलं आवरण निघालं, त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद निघाला आणि दार उघडं पडलं. इतकी वर्षं गाडी चालवली, पण दाराच्या पोटात काय असतं ते मी त्या दिवसापर्यंत कधी पाहिलं नव्हतं. दार उघडायच्या हँडलपासून लॉकपर्यंत एक बारीक सळई गेलेली. बस्स, एवढंच. त्या सळईवर आपण बायकापोरांना घेऊन हायवेला लागतो.

काच तिरकी करून त्यानं अलगद वर काढली. ती वरखाली करणारी यंत्रणा निघाली, लॉक निघालं, सळई निघाली. लॉक त्यानं आईच्या हातात दिलं. "बघा अव्वा, कायबी झालं न्हाय त्याला. पत्रा दाबला, म्हणून अडकलं." आईनं ते पदरानं पुसलं आणि परत दिलं.

सगळं नव्या दारात बसल्यावर त्यानं दार टायरांवर आडवं ठेवलं आणि स्क्रूड्रायव्हरनं लॉकचा खटका दाबून बंद केला. "वडा आता." आईनं हँडल ओढलं. सळई सरकली, खटका सुटला. "आनि एकदा." तो बंद करायचा, ती उघडायची. मी घड्याळ बघत होतो. दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती. दार गाडीला बसल्यावर ती आत शिरली, दार लावून घेतलं, काच खाली-वर केली, आतून दार उघडून बाहेर आली. पुन्हा आत गेली.

मेकॅनिक आतलं आवरण लावायला लागला तशी ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या."

"पाणी जाईल की अव्वा."

"पावसाळ्यात लावू. मला ती सळई दिसू द्या."

मी म्हणालो, "आई, लोक हसतील." पांढरी गाडी, राखाडी दार, तेही आतून उघडंनागडं. "हसू देत," म्हणाली. "उद्या निघू केमला."

निघालो. आरशात मला ती दिसत होती, नजर सळईवर, हात हँडलच्या शेजारी मांडीवर. टेंभुर्णीला तिनं गाडी बाजूला घ्यायला लावली, आतून दार उघडून खाली उतरली, मिनिटभर उभी राहिली आणि आपली आपण आत बसली. माझे डोळे तिला दिसू नयेत म्हणून मी आरसा जरा वर फिरवला आणि गियर टाकला.

केमला मावशी ओसरीवर खाटेवर होती. पार वाळलेली, नुसते डोळे राहिलेले. आई खाटेच्या कडेला टेकली, तिचा हात हातात घेतला. मावशीनं आधी तोंड फिरवलं. मग रुसल्या आवाजात म्हणाली, "लेकाकडं गाडी हाय, तरी इतकं दीस लावलंस व्हय? का आली न्हाईस?"

मला वाटलं, आता गुडघा येणार, अमावस्या येणार. आई काहीतरी पुटपुटली. मावशीनं मान हलवली. ऐकू आलं नव्हतं. आई पुन्हा बोलली, जरा मोठ्यानं. तरी नाही. शेवटी मावशीच्या कानाशी तोंड नेऊन आई ओरडली, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं:

"भ्या वाटत हुतं गं मला!"

मावसभावाची बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. मावशीनं आईचा हात आपल्या छातीशी ओढून घेतला.

"मला बी," ती म्हणाली.