भाव तोच, पाव हलका

देवळाली कॅम्पात पाव लहान व्हायचा, पण तो कुणी लहान केला असं कधीच होत नसे. मैदा महागला की सगळ्या बेकऱ्या गुपचूप गोळा बारीक करत आणि भाव तोच ठेवत. शुभांगीच्या सासऱ्यांनी, निवृत्तीअण्णांनी, आपल्या बेकरीत हीच रीत जन्मभर पाळली होती.

१९९८च्या हिवाळ्यात मैदा पुन्हा भडकला, तेव्हा शुभांगी घरून बी.ए. करत होती. भट्टीच्या उबेला बसून तिनं आर्थिक इतिहासाचं पुस्तक अण्णांनाही वाचून दाखवलं. सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडात पावाचा भाव बांधलेला असे. गहू महागला तर पाव हलका, उतरला तर जड, आणि तेही सगळ्यांना सांगून. लंडनमध्ये वजनात मारणाऱ्याच्या गळ्यात त्याचाच पाव बांधून धिंड काढत. अण्णा खो खो हसले.

आता ही पोरगी वाचून गप्प बसणाऱ्यातली असती तर बरं झालं असतं! सकाळी दुकानावर फळा लागला: "मैदा महागला. भाव तोच, पाव हलका." खाली वजन, शेजारी तराजू.

अण्णांचं हसू पळालं. "अगं, कमी देतो म्हणून कुणी पाटी लावतं व्हय? आखाजीच्या सणापर्यंत गिऱ्हाईक माघारी आलं नाय, तर हा फळा आन् तुझी पुस्तकं, दोन्ही भट्टीत!"

गिऱ्हाईक भराभर तुटलं. स्टँडजवळ मिसळ विकणाऱ्या कलाबाई सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. "हलका पाव, आन् वर मिरवतेस?" म्हणत त्या पलीकडच्या बेकरीत गेल्या. उरलेल्या लाद्या घरीच खाव्या लागत, आणि शुभांगीला एकेक घास कडू लागे. स्वतःचा राग येई. तरी तिनं फळा उतरवला नाही.

एके दिवशी कलाबाई पलीकडची लादी घेऊन आल्या आणि सरळ तराजूत टाकली. दुसऱ्या पारड्यात शुभांगीची ठेवली. पलीकडची झटकन वर गेली.

"मेल्यानं सांगितलं पण नाय," कलाबाई म्हणाल्या. "उद्यापासून माझ्या लाद्या तुझ्याकडनं."

"एक आली," अण्णा पुटपुटले.

मग नवा गहू आला, मैदा उतरला. कॅम्पातले पाव होते तेवढेच राहिले. वाढवायची रीतच कुणाला ठाऊक नव्हती. शुभांगीनं फळा पुसून लिहिलं: "मैदा उतरला. भाव तोच, पाव जड."

आखाजीच्या सकाळी रांग रस्त्यावर गेली. फौजींच्या घरच्या बायका, पेन्शनर, शाळेची पोरं, सगळे तराजूभोवती. शुभांगीला हसू आवरेना. तेवढ्यात अण्णा आतून आले. गळ्यात सुतळीनं बांधलेला पाव!

"जन्मभर गुपचूप कापला मी," ते रांगेला म्हणाले. "काढा धिंड!"

कलाबाईंनी ताशेवाला गाठून आणला. बाजारातून धिंड वाजतगाजत निघाली, आणि सगळ्यांच्या पुढे फळा उंच धरून शुभांगी चालत होती.